क्लायंटच्या साइटसाठी कुठला ओपन सोर्स सीएमएस? तीन कामं हातात आहेत, सल्ला हवाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कराडला असतो, गेली सहा वर्षं एकट्यानेच वेबसाइटची कामं करतो. आत्तापर्यंत जे केलं ते सगळं वर्डप्रेस या एकाच सीएमएसवर (म्हणजे कोड न लिहिता साइटचा मजकूर भरता-सांभाळता येतो असं सॉफ्टवेअर), दुसरं काही शिकायची वेळच आली नाही. आता एकदम तीन कामं आलीत आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही म्हणून विचारतोय.

पहिली एक पतसंस्था, १४ शाखा. ठेवींच्या व्याजदराचा तक्ता, कर्जाचे फॉर्म, शाखांचे पत्ते आणि वार्षिक सभेची सूचना, एवढंच हवंय. दुसरी शिक्षण संस्था, सात शाळा आणि एक सीनियर कॉलेज. प्रत्येक मुख्याध्यापकांना आपापल्या शाळेचं स्वतः टाकायचंय पण दुसऱ्या शाळेच्या पानाला हात लागता कामा नये, शिवाय कॉलेजचं मराठी आणि इंग्रजी दोन्ही. तिसरं एक साप्ताहिक, संपादक काकांकडे २०११ पासूनचे अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलीत पडून आहेत, जुन्या फाँटमध्ये, ते लोकांना वाचता येतील शोधता येतील असं करून हवंय.

पण विचारायचं खरं कारण पतसंस्थेची जुनी साइट. गेल्या महिन्यात मॅनेजर साहेबांचा फोन आला की गूगलवर आपलं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं येतायत. बघितलं तर खरंच, संस्थेच्या नावाखाली बुटांच्या आणि पर्सच्या जाहिरातींची पानंच्या पानं, आणि साइट उघडली तर नेहमीसारखी दिसते, फक्त गूगलला वेगळं दिसतं. शोधता शोधता कळलं की आधीच्या माणसाने विकतची थीम (साइटचं तयार रूप) कुठूनतरी फुकट उतरवून चढवली होती आणि तिच्या फंक्शन्सच्या फायलीत एक लांबच लांब अगम्य ओळ होती. त्यात डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यात, आणि त्याचा फोन लागत नाही. ज्या नावावर विश्वास ठेवून लोक पेन्शनचे पैसे ठेवतात त्या नावाखाली हे दिसत होतं. साइट मी केलेली नव्हती तरी मला दोन रात्री झोप लागली नाही.

म्हणून या वेळी सवयीने काही करायचं नाही असं ठरवलंय. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल, अजून काही असेल तर तेही सांगा, पण का ते सांगा.

रात्रपाळी

तिन्ही वर्डप्रेसवर करा. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात ते उगाच नाही. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर कराडमध्ये वर्डप्रेसवाला दुसरा मिळेल, बाकीच्यांचा मिळणार नाही. आणि ती साइट वर्डप्रेसमुळे हॅक झाली नाही, चोरीच्या थीममुळे झाली.

शमीवृक्ष

मी पुण्यात ड्रुपलवर काम करते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझं झुकतं माप आहे हे आधीच सांगते. तरीपण शाळेच्या कामाबद्दल दोन शब्द ऐकून घ्या.

तुम्ही जे लिहिलंय ना, की प्रत्येकाने आपलंच पान बदलावं आणि दुसऱ्याचं दिसावं पण हात लागू नये, ही ड्रुपलची घरची गोष्ट आहे. वर्डप्रेसमध्ये एखाद्याला संपादक केलं की तो सगळ्या साइटचा संपादक होतो, शाळेपुरता संपादक ही कल्पनाच मुळात नाही, त्यासाठी प्लगिन, म्हणजे वरून बसवायचा जोड, शोधावं लागतं आणि मग त्या प्लगिनवर सगळा जीव टांगलेला. ड्रुपलमध्ये तुम्ही आधी मजकुराचे प्रकार ठरवता. सूचना म्हणजे काय तर शीर्षक, तारीख, शाळा, पीडीएफ. शिक्षक म्हणजे नाव, विषय, पात्रता, फोटो. एकदा हे साचे केले की कोणी कितीही घाईत भरलं तरी पान वेडंवाकडं होत नाही. मसुदा कोणी लिहायचा, तपासायचं कोणी, प्रकाशित कोणी करायचं हे टप्पेही कोअरमध्येच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहेत. मराठी-इंग्रजीही ड्रुपल ८ पासून कोअरमध्येच आहे. मराठीतली मोठी मोठी संकेतस्थळं, मिसळपावसारखी, ड्रुपलवर वाढली आणि हजारो प्रतिसाद झेलत राहिली, ते याच पायावर.

आता दुसरी बाजू, ती लपवून सल्ला देणं बरोबर नाही. ड्रुपल ७ आलं जानेवारी २०११ ला. त्यानंतर २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ८ आलं ते आतून इतकं बदललेलं होतं की ७ ची साइट अपडेट करता येतच नव्हती, नवी बांधायची आणि मजकूर हलवायचा असंच करावं लागलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा संस्था ७ वरच बसून राहिल्या, मुदत वाढत वाढत शेवटी ५ जानेवारी २०२५ ला आधार बंद झाला. मी स्वतः एका ट्रस्टला ७ वर साइट करून दिली होती आणि पाच वर्षांनी त्यांच्या समोर बसून सांगावं लागलं की जवळपास तेवढाच खर्च परत करावा लागेल. त्या काकूंचा चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. त्यांनी विचारलं, आम्ही काय चुकलो? आणि त्या काहीच चुकल्या नव्हत्या.

८ च्या पुढे ९, १०, ११ हा प्रवास बराच सोपा झालाय हेही खरं. पण कम्पोजर (सॉफ्टवेअरचे भाग बसवायचं साधन) वापरता आलं पाहिजे, सर्व्हरवर कमांड लाइन पाहिजे, साध्या शेअर्ड होस्टिंगवर ओढाताण होते. तेव्हा संस्था मोठी असेल आणि सांभाळणारं कोणी कायमचं असेल तरच.

गोदातीर

जूमलाचं नाव कोणीच काढत नाही म्हणून मी काढतो. मी नाशिकला, २००८ ला जूमला १.५ आलं तेव्हापासून वापरतोय.

२००५ मध्ये माम्बो नावाच्या सीएमएसमधली मंडळी कंपनीशी पटेना म्हणून बाहेर पडली आणि त्यांनी जूमला काढलं, नावसुद्धा स्वाहिली भाषेतल्या जुमला या शब्दावरून, अर्थ सगळे मिळून. आपल्याकडेही एकूण या अर्थाने एकूणजुमला म्हणतातच की. तर मुद्दा असा की दोन भाषा आणि कोणाला काय दिसावं-बदलावं याच्या परवानग्या, ह्या दोन्ही गोष्टी जूमलाच्या कोअरमध्ये १.६ पासून म्हणजे २०११ पासून आहेत. एकही एक्स्टेन्शन न टाकता सात शाळांचे सात वर्ग करा, सात गट करा, प्रत्येक गटाला आपल्या वर्गात लिहायची परवानगी द्या, झालं. वर्डप्रेसमध्ये दोन भाषांसाठी अजूनही पॉलिलँग किंवा असलंच काहीतरी प्लगिन लावावं लागतं.

वाईट एवढंच की ३ वरून ४ ला जाताना बऱ्याच टेम्प्लेट मोडल्या, माझ्या दोन क्लायंटच्या टेम्प्लेट परत लिहायला लागल्या. आणि माणूस मिळणं अवघड झालंय हे कबूल आहे, नाशिकमध्येसुद्धा आता जूमलावाले आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

रात्रपाळी

गोदातीर, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे ना.

गोदातीर

आहे. पण चांगल्या गोष्टीला चांगलं म्हणायला काय हरकत आहे.

खडूफळा

मी तुमच्यातला नाही, प्रोग्रॅमिंग येत नाही. एका हायस्कूलमध्ये क्लार्क आहे आणि गेली नऊ वर्षं शाळेची वेबसाइट मीच भरतो, म्हणून बोलतो. राग मानू नका.

तुमच्या सगळ्या चर्चेत साइट कोण भरणार ते कुठे आलंच नाही. तो मी आहे. माझा दिवस कसा असतो सांगतो. सकाळी हजेरी, मग शिष्यवृत्तीचे अर्ज, मग दाखले, पालक खिडकीशी उभे, आणि त्यात हेडसर येऊन सांगतात की उद्या पावसामुळे सुट्टी जाहीर झाली, लगेच वेबसाइटवर टाका. संगणक एकच, त्यावर दुसरी मॅडम पोर्टलवर माहिती भरत असतात. म्हणजे मला मोबाइलवरून टाकायचंय, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत.

आमची पहिली साइट फार सुंदर होती. पण सूचना टाकायची तर डाव्या बाजूला चाळीस नावं, त्यातलं बरोबर कोणतं ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. एकदा चुकून दुसरीकडे दाबलं तर मुख्य पानावरचं मुख्याध्यापकांचं मनोगतच गेलं. परत कसं आणायचं माहीत नाही. ज्यांनी साइट केली त्यांना फोन केला तर ते म्हणाले सपोर्टचे वेगळे पैसे पडतील. त्यानंतर दोन वर्षं मी त्या साइटला हात लावला नाही. खरं सांगतो, भीती वाटायची. पालक विचारायचे वेबसाइटवर काहीच का नसतं, मी म्हणायचो टाकतो टाकतो.

आता एका माजी विद्यार्थ्याने वर्डप्रेसवर साधी करून दिलीय. त्याने काय केलं, माझ्या शेजारी दोन दिवस बसला. मी काय काय करतो ते बघितलं. मग माझ्या लॉगिनमधून नको ते सगळं काढून टाकलं, फक्त सूचना आणि फोटो एवढंच ठेवलं, सगळं मराठीत. प्रकाशित करा असं बटण आहे, ते दाबतो. आणि चुकलं तर मागच्या आवृत्तीवर जायचं कसं ते दाखवलं, तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं. आता भीती वाटत नाही. माझी विनंती एवढीच की साइट कशात करायची ते ठरवायच्या आधी त्या सात शाळांमधले सात क्लार्क कोण आहेत ते जाऊन बघा.

शमीवृक्ष

खडूफळा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी वर ड्रुपलबद्दल एवढं लिहिलं आणि तुमच्या त्या उभ्या उभ्या पाच मिनिटांचा विचार केलाच नव्हता.

कृष्णाकाठ

काका, मनापासून आभार. उद्याच पहिल्या दोन शाळांत जाऊन येतो.

दरम्यान एक तांत्रिक प्रश्न. पतसंस्थेच्या चाचणी साइटवर वार्षिक सभेची सूचना टाकली तर लिंक अर्धवट तुटली. शीर्षक होतं वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना, आणि लिंकमध्ये सूचना हा शब्दच नाही. दुसऱ्यांदा तेच शीर्षक टाकून बघितलं तर सभेच असं झालं आणि पुढे २ चा आकडा. असं का?

वेलांटी

हा माझा विषय आहे, जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

वर्डप्रेस पानाची लिंक डेटाबेसात २०० चिन्हांच्या रकान्यात ठेवतं. इंग्रजी अक्षराला एक चिन्ह लागतं. देवनागरी मात्र तशी ठेवत नाहीत, प्रत्येक अक्षराचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं, म्हणजे एकाला नऊ चिन्हं. आणि अक्षर म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. आता मोजा. वार्षिक, व काना र हलन्त ष वेलांटी क, सात. सर्वसाधारण, दहा. सभेची, पाच. एकूण बावीस, नवाने गुणले १९८, मधल्या दोन रेघा धरून बरोबर २००. जागा संपली, सूचना बाहेर राहिली. दुसऱ्या वेळी तेच नाव आलं म्हणून त्याला मागे रेघ आणि २ जोडायचे होते, त्यासाठी जागा करायला सभेची या शब्दातल्या ‘ची’ची वेलांटी कापली गेली, उरलं सभेच.

उपाय सोपा आहे, लिंक रोमन लिपीत आणि छोटी द्यायची, वर्ष घालून. व्हॉट्सअॅपवर पाठवताना देवनागरी लिंकची जी टक्क्या-टक्क्यांची लांब शेपटी होते तीही वाचते. पण क्लार्क दर वेळी हाताने लिंक बदलणार नाही, तेव्हा शीर्षकावरून आपोआप रोमन लिंक करणारं छोटं प्लगिन लावा. ड्रुपलमध्ये पाथऑटो नावाचं मॉड्यूल हे काम लिप्यंतर करून करतं, जूमलात लिंक देवनागरी ठेवायची की रोमन करायची याची निवडच सेटिंगमध्ये आहे.

दुसरी गोष्ट, थीम निवडताना पहिल्यांदा मराठी मजकूर टाकून बघा, डेमोतल्या इंग्रजीवर जाऊ नका. बऱ्याच थीममध्ये मथळ्याला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांत तुटते. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरचा रफार आणि आदल्या ओळीचा उकार एकमेकांत घुसतात. मुक्ता, हिंद, बालू, नोटो हे सगळे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, पैशांचा प्रश्न नाही. आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट सांगा. काही फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात पण भाषा सांगितल्याशिवाय ते दिसत नाहीत, हिंदी वळणाचे दिसतात. ज्यांना फरक कळतो त्यांना तो खुपतो, साप्ताहिकाच्या संपादकांना तर नक्की खुपणार.

तिसरी, शोध. ॲडमिशन हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात ॲ हे एकसंध अक्षर असतं आणि दुसऱ्यात अ वर चंद्र. डोळ्याला सारखे, संगणकाला वेगळे. ‘दुसऱ्या’ या शब्दातल्या ऱ्याचंही तेच. पालक मोबाइलवर एका तऱ्हेने टाइप करतो, क्लार्कने दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेलं असतं, काहीही सापडलं नाही असं उत्तर येतं. कुठलाही सीएमएस घ्या, मजकूर साठवताना एकच रूप करून घेणारं चार ओळींचं काम करून ठेवा.

साप्ताहिकाच्या जुन्या फाँटबद्दल वेगळं लिहितो, तो मोठा विषय आहे.

तळकोकण

वेलांटी, हे सगळं वाचून मी माझ्या चार साइट आत्ता तपासल्या, तीनमध्ये लेटर स्पेसिंग होतं. धन्यवाद.

माझा एक वेगळा सूर. पतसंस्थेला सीएमएस लागतोच का? दर तिमाहीत दर बदलणार, वर्षातून एकदा सभा. मी अशा लोकांना ह्यूगो या साधनाने साधी स्थिर पानं करून देतो. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, मग फोडायचं काय? आमच्याकडे पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्ही जातं-येतं, ही पानं टू-जीवरही उघडतात.

रात्रपाळी

आणि दर बदलायचा झाला की?

तळकोकण

मला फोन करतात, मी दहा मिनिटांत बदलतो.

रात्रपाळी

म्हणजे परत सगळं एका माणसाच्या फोनवर आलं. कृष्णाकाठ यांच्या पतसंस्थेचं नेमकं तेच दुखणं होतं. तुम्ही सज्जन आहात, पण माणूस आजारी पडतो, गाव सोडतो.

तळकोकण

हे मात्र बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, विचार करावा लागेल.

नेकारकाठी

श्टुटगार्टहून लिहितेय. इथे जर्मनीत महापालिका, विद्यापीठं, मध्यम कंपन्या यांच्याकडे टायपो३ नावाचं सीएमएस खूप दिसतं. डॅनिश माणसाने सुरू केलेलं पण रुजलं इथे. मी रोज त्यावरच काम करते आणि मला ते आवडतं, पानांचं झाड डावीकडे, प्रत्येक फांदीची परवानगी वेगळी, तुमच्या सात शाळांना चपखल बसेल.

तरी घेऊ नका. इथे ते चालतं कारण प्रत्येक गावात टायपो३ येणारी एजन्सी असते आणि गिऱ्हाईक सांभाळण्याचे पैसे दर महिन्याला निमूट देतं. साधन चांगलं असून भागत नाही, आजूबाजूला ते जाणणारी माणसं लागतात. साताऱ्यात माझं माहेर आहे, तिथल्या एका शाळेला मी एकदा हौसेने टायपो३ वर साइट करून दिली होती. मी इकडे आले आणि ती साइट तशीच राहिली, शेवटी त्यांनी ती बंद केली. मला अजून वाईट वाटतं.

उंबरठा

वाचक आहे, एरवी लिहीत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्डप्रेसचे संस्थापक आणि एका मोठ्या होस्टिंग कंपनीत जे भांडण झालं त्यानंतर वर्डप्रेसवर विसंबावं का? ऑक्टोबरमध्ये तर एक लोकप्रिय प्लगिन डिरेक्टरीत नाव बदलून ताब्यातच घेतलं. लाखो साइटवर ते होतं. मला ते फार खटकलं.

शमीवृक्ष

मलाही खटकलं. पण ह्यातून घाबरायचं किती ते नीट बघू. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल तिन्ही जीपीएल या मुक्त परवान्यावर आहेत. याचा अर्थ तुमच्या सर्व्हरवर असलेली प्रत कोणी काढून घेऊ शकत नाही, भांडण कितीही होवो. वर्डप्रेससुद्धा २००३ मध्ये असंच जन्मलं, बी२ नावाचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस दिसेनासा झाला, काम थांबलं, तेव्हा दोघांनी ते कोड उचलून पुढे नेलं. जूमलाची गोष्ट गोदातीर यांनी सांगितलीच. २०१८ ला नवा ब्लॉक एडिटर नको म्हणणाऱ्यांनी क्लासिकप्रेस काढलं, ड्रुपल ७ आवडणाऱ्यांनी बॅकड्रॉप काढलं. ओपन सोर्सचा हाच तर आधार आहे.

धोका आहे तो अपडेट कुठून येतात तिथे. म्हणून प्लगिन कमीत कमी. आणि अपडेट थांबवायचे नाहीत. आमच्याकडे १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मध्ये एक भोक सापडलं, दुरुस्ती त्याच दिवशी आली, पण दोन आठवड्यांनी सुरक्षा टीमने जाहीर केलं की पहिल्या सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच समजावं. सात तास! आपल्याकडे तेव्हा रात्र होती. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात, एकट्या माणसाने २० साइट सांभाळायच्या असतील तर ही फार मोठी गोष्ट आहे आणि ड्रुपलवाली असूनही मी ते मान्य करते.

गोदातीर

ज्या भाषेत हे सीएमएस लिहिलेत त्या पीएचपीचंही लक्षात ठेवा. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ ला संपला, होस्टिंगवाल्यांनी ८ वर ढकललं आणि जुनी प्लगिन असलेल्या साइट पटापट पांढऱ्या पडल्या. क्लायंटला वाटतं एकदा पैसे दिले, साइट झाली. कोटेशनमध्येच वर्षाच्या देखभालीची ओळ घाला. मी दोन ओळी घालतो, एक बनवण्याची आणि एक दर वर्षाची, आणि दुसरी ओळ नको असेल तर पहिलं कामही घेत नाही. सुरुवातीला दोन कामं गेली. नंतर एकही साइट अर्ध्यावर सोडावी लागली नाही.

वेलांटी

कॉलेजबद्दल एक राहिलं. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्यासाठीच्या अहवालांत साइटच्या लिंक दिलेल्या असतात. नवी साइट केली आणि जुन्या लिंक मेल्या तर समितीपुढे पान सापडलं नाही असं येतं. तेव्हा आधी जुन्या साइटच्या सगळ्या लिंकची यादी काढा, एक्सेलमध्ये, आणि प्रत्येक जुनीवरून नवीकडे वळवा. कंटाळवाणं काम आहे पण प्राचार्य जन्मभर नाव घेतील.

आणि प्रवेशाच्या फॉर्ममध्ये आधार कार्डाचा फोटो मागू नका. बऱ्याच फॉर्म प्लगिनमध्ये आलेल्या फायली अपलोडच्या उघड्या फोल्डरात पडतात, पत्ता माहीत असला की कोणालाही उघडता येतात. मी स्वतः एका संस्थेच्या साइटवर मुलींचे दाखले असे उघड्यावर पडलेले पाहिलेत, त्याच संध्याकाळी फोन करून काढायला लावले. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी हे करायला नको.

आता साप्ताहिकाचा जुना फाँट. संपादक काका कुठला वापरायचे, श्रीलिपी का अजून काही? फाँट बदलला की अक्षरांचं कोष्टक बदलतं, एकाचं कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. पेजमेकरमधून मजकूर साध्या फाइलमध्ये काढा, एक बातमी रूपांतर करून बघा, आणि तीन जागा तपासा, रफार योग्य अक्षरावर बसला का, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली नाही ना, आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द. इंग्रजी शब्दांचं कन्व्हर्टर अगम्य मराठी करून टाकतं. माणसाने वाचल्याशिवाय हे सुटत नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सातही शाळा फिरून आलो, खडूफळा काकांचं ऐकून. सातांपैकी पाच ठिकाणी साइट भरणार ते क्लार्क किंवा शिपाई दादा, दोन ठिकाणी तंत्रस्नेही शिक्षक. सहा जण मोबाइलवरूनच टाकणार. एका शाळेत बाई म्हणाल्या, सर, मला फक्त फोटो आणि दोन ओळी टाकता आल्या पाहिजेत, बाकी काही शिकवू नका. मी वहीत सगळं लिहून घेतलंय.

ठरवलंय ते असं. संस्थेसाठी वर्डप्रेसच, पण मल्टिसाइट. ते कोअरमध्येच आहे. प्रत्येक शाळेची आपली उपसाइट, त्यामुळे संपादक आपल्याच अंगणात राहतो, प्लगिन टाकायचा अधिकार फक्त मुख्य अॅडमिनला. कॉलेजच्या उपसाइटला तेवढं पॉलिलँग. शमीवृक्ष ताई, ड्रुपल या कामाला जास्त नेटकं बसलं असतं हे मला पटलंय, पण कराड-सातारा-सांगलीत माझ्यानंतर ते उचलणारा मला सापडला नाही, खूप जणांना विचारलं.

पतसंस्थेलाही वर्डप्रेस, सोबत येते तीच थीम, चारच प्लगिन, आणि व्याजदराचा तक्ता एका वेगळ्या पानावर की मॅनेजर साहेब फक्त आकडे बदलतील. डोमेन परत मिळवायला संचालक मंडळाचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र सगळं पाठवावं लागलं, अकरा दिवस गेले, पण आता ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर आहे. होस्टिंगचं बिलही संस्थेच्या नावाने. सगळे पासवर्ड एका पाकिटात सील करून तिजोरीत ठेवायला दिलेत, मॅनेजर आणि अध्यक्ष दोघांच्या सह्या घेऊन. मी उद्या नसलो तरी त्यांचं काही अडणार नाही.

शमीवृक्ष

मल्टिसाइटमध्ये पुढे एखादी शाळा वेगळी काढायची झाली तर त्रास होतो, सगळे वापरकर्ते एकाच तक्त्यात असतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक उपसाइटची एक्स्पोर्ट फाइल महिन्यातून एकदा वेगळी काढून ठेवा. बाकी निर्णय योग्य आहे. अडलं तर बिनधास्त विचारा, वर्डप्रेसचं असलं तरी.

खडूफळा

त्या बाईंना दोन ओळी आणि फोटो एवढंच शिकवलंत ना?

कृष्णाकाठ

हो काका. परवा शाळेत वृक्षारोपण होतं. बाईंनी शेतातल्या बांधावर उभं राहून टाकलं, तीन फोटो, दोन ओळी. मी घरी बसून बघत होतो, माझा फोन एकदाही वाजला नाही.

वेलांटी, संपादक काकांचा फाँट श्रीलिपीच निघाला पण २०१६ नंतर त्यांनी दुसरा वापरलाय. म्हणजे दोन कोष्टकं लागणार ना?

वेलांटी

दोन लागणार. दोन्ही काळातली एकेक बातमी मला पाठवा, शक्यतो रफार आणि जोडाक्षरं जास्त असलेली. निवडणुकीचा निकाल चालेल, त्यात आडनावं भरपूर असतात.